व्होल्टेज आणि करंटवरून रोध व पॉवर काढणे

विजेच्या वस्तूला किती व्होल्ट मिळतायत आणि ती किती अँपिअर खेचतेय, एवढं कळलं की तिचा रोध (करंटला होणारा अडथळा, रेझिस्टन्स) आणि पॉवर दोन्ही निघतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध ओहममध्ये, दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर वॉटमध्ये. पुस्तकात यालाच विभवांतर, विद्युतधारा वगैरे म्हणतात, वायरमन मात्र होल्टेज, करंट आणि लोड म्हणतो.

भागाकाराचा नियम जर्मनीच्या गेऑर्ग ओहमचा, १८२७ साली पुस्तकात मांडलेला. तेव्हाच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकायचं नाही म्हणून त्याने थर्मोकपल घेतलं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचे सांधे, ज्यांच्या तापमानात फरक असला की व्होल्टेज तयार होतं. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात, मग कुठे आकडे स्थिर आले.

घरातला गीझर घ्या. २३० व्होल्टवर तो ८.७ अँपिअर घेत असेल तर २३० × ८.७ म्हणजे साधारण २००० वॉट, आणि २३० ÷ ८.७ म्हणजे रोध साधारण २६.४ ओहम. तासभर चालला की २ युनिट. आता गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तर? कॉइल तीच, रोधही जवळपास तोच, पण करंट ६.८ वर येतो आणि पॉवर उरते १२२५ वॉटच्या आसपास. व्होल्टेज पाऊणपटीपेक्षा थोडं जास्तच उरलं तरी पॉवर एकदम साठ टक्क्यांच्या आसपास, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळेच.

यातूनच पॉवरची अजून दोन सूत्रं निघतात आणि पोरं इथेच गोंधळतात. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हटलं तर वाटतं रोध वाढला की उष्णता वाढणार, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हटलं तर बरोबर उलटं. दोन्ही खरी आहेत, फक्त आधी बघायचं की स्थिर काय राहतंय. थेट मेन्सला लावलेल्या वस्तूला व्होल्टेज ठरलेलं असतं, तिथे कमी रोधाची वस्तू जास्त वॉटची. पण एकामागोमाग जोडलेल्या भागांतून करंट सारखाच जातो, तिथे ज्याचा रोध जास्त तोच जास्त तापतो. त्याच गीझरचा प्लग सॉकेटमध्ये ढिला बसला आणि त्या जागी नुसता अर्धा ओहम रोध आला तरी तिथे साधारण ३६ वॉट उष्णता तयार होते, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त, आणि तीही पिनेच्या टोकाएवढ्या जागेत! पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर असा प्लग एक दिवससुद्धा वापरू नये.

रोध कायम तेवढाच असतो असंही नाही. ६० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा हिशोब केला तर ८८० ओहम येतो, पण बल्ब काढून थंड असताना मल्टिमीटर लावला तर ६०-७० ओहमच दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो, टंगस्टनची तार तापल्यावर तिचा रोध तेवढा वाढतो.

मोटरला हा साधा गुणाकार पुरत नाही. एसी विजेवर मोटरचं व्होल्टेज आणि करंट मागेपुढे असतात म्हणून पॉवर फॅक्टरनेही (एकपेक्षा कमी असलेला आकडा) गुणावं लागतं, आणि तीन फेजच्या शेतपंपाला वर १.७३ ने. शिवाय मोटरवरचं काम तेवढंच असताना व्होल्टेज पडलं की मोटर गीझरसारखा कमी नाही तर उलट जास्त करंट खेचते, वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) तापतं, आणि जास्त करंट गेला की सप्लाय तोडणारा ओव्हरलोड रिले नसेल तर मोटर जळते.