भरताच्या वांग्याचं वजन डीएनएत कुठं लपलंय?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडं एकाच बागेत केळीचा एक घड २० किलोचा आणि शेजारचा ३० चा निघाला तर त्यामागं जीन, म्हणजे गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा, शोधत बसू नका. टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली ग्रँड नैन ही केळीची जात म्हणजे जवळपास एकाच झाडाच्या कॉप्या, फरक पडतो तो पाण्या-खतानं.

भरताच्या वांग्यात मात्र शोधता येतं. समजा बामणोदचं भरताचं मोठं हिरवं वांगं आणि एखादं बारीक काटेरी वांगं यांचा क्रॉस केला, त्या क्रॉसचं झाड स्वतःच्याच परागानं फळवलं आणि त्या बियांची २०० झाडं लावली, तर काहींची वांगी मोठी, काहींची लहान आणि बहुतेकांची मधलीच निघतील, कारण वजन एका जीनवर ठरत नाही, बरेच जीन मिळून ठरवतात. आता वांगी काट्यावर तोला, पानातून डीएनए काढा आणि क्रोमोसोमच्या, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या, १२ जोड्यांवरच्या खुणा म्हणजे मार्कर तपासा. जोडीमुळं प्रत्येक मार्करच्या झाडात दोन कॉप्या असतात. कुठलाही एक मार्कर घेतला तर साधारण ५० झाडांत दोन्ही कॉप्या भरीतवाल्याच्या, १०० मध्ये एकेक, ५० मध्ये दोन्ही काटेरीच्या. तिन्ही गटांच्या सरासरी वजनात ठळक फरक असला की समजायचं, वजनाचा एखादा जीन इथंच आसपास आहे, कारण क्रोमोसोमवर जवळजवळ असलेल्या गोष्टी बहुतेक वेळा सोबतच पुढं जातात.

कार्ल सॅक्स या शास्त्रज्ञानं १९२३ मध्ये घेवड्यात हेच केलं, बियांचा रंग हाच त्याचा मार्कर. १९८९ मध्ये लँडर आणि बॉटस्टीन या शास्त्रज्ञांनी दोन मार्करच्या मधली जागाही तपासायची रीत दिली, त्यात लॉड स्कोअर बघतात. स्कोअर ३ म्हणजे 'इथं जीन आहे' धरलं तर हाती आलेली वजनं 'नाही' धरण्यापेक्षा १००० पट चांगली जुळतात.

पण खरी गोम पुढंच आहे. ५ टक्के चूक चालेल म्हणून १०० वेगवेगळ्या जागा तपासल्या तर जीन एकही नसताना साधारण ५ जागा नुसत्या योगायोगानं चमकतील! यावर १९९४ मध्ये चर्चिल आणि डोर्ज या संशोधकांनी जो उपाय सुचवला तो मला फार म्हणजे फार आवडतो. वजनांच्या चिठ्ठ्या पिसायच्या, कुणाचंही वजन कुणालाही द्यायचं, म्हणजे डीएनए आणि वजनाचं नातंच तुटतं. मग पुन्हा सगळी तपासणी करून सगळ्यात मोठा स्कोअर लिहून ठेवायचा, असं १००० वेळा. त्यातल्या ९५० स्कोअरच्या वर आपला खरा स्कोअर गेला तरच त्यावर भरवसा ठेवायचा.

तरी हाती लागतो तो क्रोमोसोमचा एक पट्टाच, त्यात शेकडो जीन असू शकतात. वांग्याच्याच कुळातल्या टोमॅटोत असा पट्टा बारीक करत करत २००० साली एफडब्ल्यू २.२ हा जीन गाठला, तो एकटा फळाच्या वजनात ३० टक्क्यांपर्यंत फरक पाडतो.