तुर्की भाषेतलं ‘णार’

तुर्कीचा भविष्यकाळ सांगायला व्याकरणाला एक ओळ पुरते: धातूला ‘एजेक’ किंवा ‘आजाक’ लावा, त्यापुढे मी-तू-आम्हीचा प्रत्यय जोडा, झालं. नियम बरोबरच आहे. पण मराठी माणसाला यात एक ओळखीची गोष्ट सापडते.

आपण भविष्य दोन तऱ्हांनी बोलतो. ‘मी येईन’ आणि ‘मी येणार आहे’. तुर्कीचं ‘एजेक’ या दुसऱ्या घरातलं. ‘गेल’ म्हणजे ये, ‘गेलेजेक’ म्हणजे येणार. हे मुळात धातुसाधित विशेषण, म्हणून ‘गेलेजेक हाफ्ता’ म्हणजे येणारा आठवडा. त्याला लागणारा ‘मी’चा प्रत्यय ‘मी शिक्षक आहे’ या वाक्यातलाच असतो. ‘येणार होतो’सुद्धा तसंच बनतं: गेलेजेक्तिम. पुढे हेच रूप सरळ नाम होऊन बसतं. ‘यियेजेक’ म्हणजे खाद्यपदार्थ, ‘इचेजेक’ म्हणजे पेय, आणि नुसतं ‘गेलेजेक’ म्हणजे भविष्य. व्यवहारातली येणी-देणी म्हणजे ‘आलाजाक-वेरेजेक’, शब्दशः ‘घ्यायचं-द्यायचं’.

इथे ‘जाक’मधला ज ‘जीव’मधला. ‘जाड’मधला नव्हे. आपली जीभ आ दिसला की तिकडे घसरते, तेवढं सांभाळायचं.

आता ‘एजेक’ कधी आणि ‘आजाक’ कधी? तुर्कीत आठ स्वर आहेत. चार उच्चारताना जिभेचा उंचवटा तोंडात पुढे येतो, चार उच्चारताना मागे जातो. ए आणि इ पुढचे. आ, ओ, उ मागचे. धातूतला शेवटचा स्वर ज्या बाजूचा, त्याच बाजूचा प्रत्यय घ्यायचा. म्हणून ‘वेर’ (दे) पासून वेरेजेक, ‘आल’ (घे) पासून आलाजाक, ‘बुल’ (शोधून काढ) पासून बुलाजाक. जिभेला अर्ध्या शब्दात जागा बदलावी लागत नाही. याला स्वरसंवाद म्हणतात आणि तुर्कीचे जवळपास सगळे प्रत्यय तो पाळतात. भूतकाळाच्या प्रत्ययात तर ओठांचा गोलावाही बघावा लागतो, त्यामुळे त्याची चार रूपं होतात. भविष्यकाळ दोनांवर भागवतो. शिकणाऱ्यांना हा सोपा वाटतो त्याचं एक कारण हेच.

धातू स्वरान्त असेल तर मध्ये य येतो: ‘ओकु’ (वाच), ओकुयाजाक. आणि प्रत्ययानंतर स्वर आला की शेवटचा क विरघळतो. ‘मी येणार’ हे गेलेजेकिम होत नाही, ‘गेलेजेइम’ होतं. 1928 साली तुर्कीने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. तिच्यात या जागी डोक्यावर छोटी वाटी असलेला ग लिहितात. त्याला म्हणतात ‘मऊ ग’, आणि तो इतका मऊ की ग म्हणून ऐकूच येत नाही. बोलताना लोक आणखी पुढे जातात: ‘गेलिजेम’. मोबाइलवरच्या निरोपांतही तसंच लिहितात; परीक्षेत लिहिलं तर मात्र गुण जातील.

खरी गंमत नकारात आहे. नकाराचा ‘मे’ प्रत्ययाच्या आधी बसतो: ‘गेल-मे-येजेइम’, मी येणार नाही. त्यात एक ए वाढवा: ‘गेल-ए-मे-येजेइम’, मला येता येणार नाही. आपले चार शब्द तिकडे एका शब्दात मावले, आणि दोन्ही अर्थांत अंतर उरलं ते एका स्वराचं. लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर देताना तो ए खाल्ला, तर अडचण सांगायला गेलेला माणूस चक्क नकार देऊन येतो.