पार्श्वभूमी : पैसे मोजून घेतलेलं पान आणि त्यातल्या चुका

वर्णद्वेष आणि ज्यूद्वेषाविरुद्ध वृत्तपत्राचं पान विकत घेण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. झुंडबळींविरोधी विधेयक सिनेटमध्ये अडकलं, तेव्हा नोव्हेंबर १९२२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने ३,४३६ बळींचा आकडा पानभर जाहिरातीत मांडला. फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘७०,००० ज्यू विकणे आहेत, माणशी ५० डॉलर’ अशा अर्थाची जाहिरात आली. ती रुमानियाच्या ताब्यातल्या ज्यूंच्या सुटकेसाठी होती, पण तिच्यावर प्रस्थापित ज्यू संस्थाच खवळल्या.

बदनामीचा कायदा बदलला तो २९ मार्च १९६० च्या पानाने. अलाबामा राज्याने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर कर-विवरणपत्रांत खोटी शपथ घेतल्याचा खटला भरला होता आणि बचावासाठी निधी हवा होता. न्यूयॉर्कच्या बड्या दैनिकाचं अख्खं पान सुमारे ४,८०० डॉलरला घेतलं गेलं. मजकुरात चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. आंदोलक विद्यार्थ्यांनी राज्याच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, पायऱ्यांवर म्हटलं राष्ट्रगीत, जाहिरातीत भलतंच देशभक्तिगीत छापलं. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाला कुलूप ठोकल्याचं तर घडलंच नव्हतं. दैनिकाच्या स्वतःच्या जुन्या बातम्या चाळल्या असत्या तरी बरंच काही सापडलं असतं. पण सह्या नामवंतांच्या, म्हणून जाहिरात विभागाने पान तसंच सोडलं.

अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरीत पोलीस खातं सांभाळणाऱ्या आयुक्ताने बदनामीचा दावा लावला. जाहिरातीत त्याचं नावही नव्हतं, आणि त्या काउंटीत (जिल्ह्यात) अंक गेले होते जेमतेम ३५. तरी स्थानिक ज्युरीने त्याला ५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. दैनिकाकडून, आणि चार कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांकडूनही. आमची नावं आम्हाला न विचारता घातली, असं ते चौघे सांगत राहिले. उत्तरेकडच्या वृत्तपत्रांना दक्षिणेच्या बातम्या परवडू नयेत, हाच यातला डाव होता.

मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी हा निकाल फिरवला. मजकूर खोटा आहे हे ठाऊक असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे आता पदाधिकाऱ्यानेच सिद्ध करायचं होतं. निष्काळजी संपादकांना यातून अभय मिळालं, अशी ओरड अजून होते, आणि ती अगदीच पोकळ नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ च्या ‘ऑटो शंकर’ प्रकरणात (फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मकथन छापण्यावरून झालेला खटला) या निकालाचा आधार घेतला. अमेरिकी निकालातला दुसरा मुद्दा मात्र फारसा कोणी काढत नाही : पैसे देऊन छापलं म्हणून मतप्रदर्शनाचं संरक्षण जात नाही. स्वतःचा छापखाना नसलेल्यांना बोलायला तेवढीच जागा असते, असं न्यायालयाने मानलं.

ती जागा पुढे भलत्यांनीही मागितली. १९९१ पासून ज्यूंचा वंशसंहार नाकारणारा एक गट अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थी-वृत्तपत्रांना जाहिराती पाठवू लागला. काहींनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घेत त्या छापल्या, काहींनी परत केल्या. परत करणाऱ्यांना कायद्याची काहीच आडकाठी नव्हती, कारण काय छापायचं हे ठरवण्याचा संपादकाचा अधिकार १९७४ मध्येच मान्य झाला होता.