बिअरमध्ये पाणी कुठं मुरतं?

उन्हाळा संपत आला की आमच्या घरी नाचणीला मोड आणायचं काम निघतं. रात्रभर भिजवलेली नाचणी सुती फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की पांढरे कोंब फडक्यात अडकलेले असतात, आणि आत हात घातला तर चक्क कोमट लागतं. दाणे श्वास घेत असतात, त्याची ती ऊब. मग वाळवायचं, चोळून कोंब झाडायचे, मंद भाजून दळायचं, झालं सत्त्व. कोणी नाचणी वाटून, गाळून सत्त्व काढतात. ते वेगळं, त्यात ही गंमत नाही. मोड आलेला एक दाणा चावून बघा, गोडसर लागतो. कोंब वाढताना अमायलेज नावाची विकरं तयार होतात आणि दाण्यातल्या पिष्टाचे तुकडे पाडून त्याची साखर करतात.

बिअर करणारे नेमकं हेच करतात, फक्त नाचणीऐवजी बार्लीवर, म्हणजे आपल्या सातूवर. मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिष्टाची साखर होते. पुढं ते गोड पाणी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलाची फुलं, घालून उकळायचं, गार करून साखरेचं मद्य करणारं यीस्ट सोडायचं.

पंचगंगेच्या काठी कुठल्याही कारखान्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, पाणी किती ओढणार? ब्रुअरीच्या आत एक लिटर बिअरमागं साधारण तीन ते सहा लिटर पाणी लागतं. पण शेतात लागणारं पाणी धरलं, तर जागतिक सरासरी जवळपास ३०० लिटरवर जाते. म्हणजे कारखान्यातला नळ कितीही आवळला तरी खरा हिशेब बांधावरच. यात पावसाचं पाणीही मोजलेलं असतं, त्यामुळं आकड्याला घाबरण्याआधी ते ढगातून आलं की बोअरमधून, हे विचारावं. सातू रब्बीत येतो. गव्हापेक्षा कमी पाणी पितो खरा, पण राजस्थानात तो बऱ्याच ठिकाणी जमिनीतल्या उपशावरच पिकतो.

मला या सगळ्यात युरियाची गोष्ट जास्त आवडते. जादा नत्र टाकलं की बार्लीच्या दाण्यात प्रथिनं वाढतात. खायच्या धान्यात ती हवीच असतात, पण माल्टवाल्याला नकोत. प्रथिनं वाढली की पिष्ट घटतं, म्हणजे साखर कमी निघते, वर बिअर गढूळ होते. म्हणून माल्टसाठी साधारण ९ ते ११.५ टक्के प्रथिनांचा दाणा मागतात. आणि जादा नत्राचा एक भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. तापमानवाढीच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. इथं दाण्याची प्रत आणि हवेचं भलं एकाच बाजूला आहेत. शेतीत असं क्वचित घडतं.

हॉप्सचं सोडून देऊ. त्या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, ते कोल्हापुरात मिळायचे नाहीत. युरोपातल्या हॉप्सचा कडवटपणा २०५० पर्यंत २० ते ३१ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०२३ च्या एका अभ्यासात आला आहे.

मग नाचणीचीच बिअर का नको? नेपाळ-सिक्कीमकडं तोंग्बा नावाचं आंबवलेलं पेय नाचणीचंच करतात. आपल्याकडं गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याच्या डोंगरउतारावर ती पावसावर येते. जूनमध्ये तरवा टाकायचा, पाऊस लागला की रोपं लावायची, पंपाचा प्रश्नच नाही. ‘फुले नाचणी’ हा वाणही कोल्हापूरच्याच संशोधन केंद्रातला. अडचणी आहेत. बार्लीचं टरफल चाळणीसारखं काम करतं, रस त्यातून गाळून निघतो. नाचणीला तसं टरफल नाही, त्यामुळं लगदा तुंबतो. शिवाय तिचं पिष्ट फुलायला जास्त उष्णता लागते. म्हणून ती बार्लीत मिसळून वापरणं सोपं.

माल्टसाठी दाणा जिवंत हवा, शंभरातले पंचाण्णव तरी उगवले पाहिजेत. गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याला मी हे सांगितलं तर तो हसला. दर मे महिन्यात तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि चार दिवसांनी कोंब मोजतो. बियाणं ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. पण त्याच्या खालच्या रानात आता ऊस आहे. पाणी जास्त लागतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. "ऊस न्यायला कारखान्याची टोळी बांधावर येती," तो म्हणाला. "नाचणीचं पोतं घेऊन मी कुणाच्या दारात बसू?"