कोपर व प्रकोष्ठ

दंड आणि हाताचा पुढचा भाग यांना जोडणारा सांधा म्हणजे कोपर. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागास प्रकोष्ठ म्हणतात. दंडात भुजास्थी हे एकच हाड असते. प्रकोष्ठात दोन असतात: करंगळीकडील अंतःप्रकोष्ठास्थी आणि अंगठ्याकडील बहिःप्रकोष्ठास्थी.

संज्ञा : अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, कफोणि व कूर्पर हे पर्याय देऊन त्यावरचा भाग प्रगंड, खालचा प्रकोष्ठ असे सांगितले आहे. मराठी ‘कोपर’ हा कूर्पर, प्राकृत कोप्पर या मार्गाने आला असावा. हिंदी ‘कोहनी’ मात्र कफोणीशी जोडतात. ‘अरत्नि’ अधिक घोटाळ्याचा आहे. तो कुठे कोपर, कुठे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे माप, तर काही आधुनिक परिभाषांत केवळ अंतःप्रकोष्ठास्थी ठरतो. त्यामुळे लांबट असली तरी वरील नावेच येथे वापरली आहेत.

सांध्याचा प्रकार : सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात 210 सांध्यांचे आठ प्रकार केले आहेत. (ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे, आजची संहिता वेगवेगळ्या काळातील थरांची मिळून झाली, हे मत ग्राह्य वाटते.) कोपर तेथे बोटे, मनगट, घोटा व गुडघा यांच्यासह ‘कोर’ गटात येते. कोर म्हणजे बिजागरी असा अर्थ बहुधा घेतला जातो. खांदा ‘उलूखल’ गटात आहे. सोलापुरात शेंगाचटणी कुटताना उखळात मुसळ कसे चहूकडे कलते हे पाहिलेल्यास त्या नावाचा उलगडा करावा लागत नाही.

कोपराला नुसती बिजागरी म्हणणे मात्र अपुरे आहे. एकाच संधिकोशात, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीत, तीन सांधे असतात. अंतःप्रकोष्ठास्थीची खाच भुजास्थीच्या कप्पीसारख्या टोकाला पकडते. हाच खरा बिजागरीचा सांधा असून त्यामुळे कोपर सुमारे 140–145 अंश दुमडते. बहिःप्रकोष्ठास्थीचे चकतीसारखे डोके भुजास्थीच्या गोलाकार उंचवट्याला टेकते, आणि कंकणासारख्या अस्थिबंधात राहून अंतःप्रकोष्ठास्थीलगत फिरते; हा तिसरा सांधा.

ज्वारीची भाकरी परातीतून तळहातावर घेतली की तळहात वर असतो आणि दोन्ही हाडे समांतर असतात. ती तव्यावर उलटताना हात पालथा होतो, तेव्हा बहिःप्रकोष्ठास्थी दुसऱ्या हाडावरून आडवे येते. अंतःप्रकोष्ठास्थी जवळजवळ जागेवरच राहते. ही फिरकी कोपराजवळ सुरू होते आणि मनगटाजवळच्या तशाच सांध्यात पूर्ण होते. दोन हाडांमधील आंतरास्थि पटल त्यांना बांधून ठेवते. हातमागावर धोटा फेकण्यासाठी दोरी ओढताना मात्र मुख्यतः बिजागरीचाच भाग राबतो.

इजा : कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, कारण भुजास्थीच्या आतल्या उंचवट्यामागून जाणारी चेता (मज्जातंतू) तेथे जवळजवळ त्वचेखालीच असते. साधारण पाच वर्षांखालील मुलाला हाताला धरून एकदम ओढले, तर बहिःप्रकोष्ठास्थीचे डोके कंकणबंधातून अंशतः निसटू शकते. पडल्यामुळे कोपराच्या किंचित वर होणारा अस्थिभंगही मुलांत नेहमीचा. त्यात बोटे थंड वा पांढरी पडल्यास रक्तपुरवठा अडल्याची शंका घ्यावी लागते. हाड वाकडे जुळल्यास प्रकोष्ठ शरीराकडे वळलेला दिसतो. सुश्रुतसंहिता कूर्पर मर्माला दुखापत झाल्यास ‘कुणि’, म्हणजे हात लुळा वा वाकडा होणे, हा परिणाम सांगते. तो नेमका याच अस्थिभंगाचा निर्देश आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.