नवतप्यात सौर पॅनल का मंदावते?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की नागपुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो : पारा 45 अंशांवर गेला, तर गच्चीवरच्या सौर पॅनलची वीजही वाढायला नको का? प्रत्यक्षात मे महिन्यात दुपारी इन्व्हर्टरवर दिसणारा आकडा फेब्रुवारीतल्या लख्ख दुपारपेक्षा अनेकदा कमी असतो. पॅनल बिघडलेले नसते. ते प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे.

पॅनलमधल्या सिलिकॉनच्या स्फटिकात अणूचा बाहेरचा प्रत्येक इलेक्ट्रॉन बंधात अडकलेला असतो आणि त्याला सोडवण्यासाठी सुमारे 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा असलेला प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो, मागे रिकामी जागा, म्हणजे 'होल', उरते आणि सिलिकॉनच्या दोन थरांच्या सांध्यावरील विद्युतक्षेत्र या दोघांना विरुद्ध दिशांना ढकलते. या ताटातुटीतूनच विद्युतदाब निर्माण होतो. मात्र स्फटिक तापला की अणूंच्या थरथरण्यानेच काही बंध तुटू लागतात. असे आपोआप सुटलेले वाहक दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतात. त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल यांचे पुनर्मीलन वाढते, सांध्यातून उलटी गळती होते आणि प्रत्येक सेलचा, म्हणजे पॅनलमधल्या प्रत्येक छोट्या चकतीचा, दाब अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. विद्युतप्रवाह किंचित वाढतो खरा, पण दाबातील घट त्याहून कितीतरी मोठी असते.

पॅनलवर छापलेली क्षमता 25 अंशांना मोजलेली असते. भर उन्हात, हात टेकवता येणार नाही इतकी तापलेली काच सहज 70 अंशांपर्यंत जाते. अंशामागे 0.35 टक्के घट धरली, तरी 45 अंशांच्या फरकाने जवळपास 16 टक्के वीज जाते. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवू नये. खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवावी.

दक्षिण ही यमाची दिशा म्हणून काही घरांत पॅनल तिकडे कलते करण्यास नकार मिळतो. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो. या समजुतीपायी दरवर्षी वीज वाया घालवणे मला असह्य वाटते.

मोठ्या प्रकल्पांना मेगावॉटमागे साधारण 4 ते 5 एकर जमीन लागते. ती पडीक न ठेवता उंच पॅनलांखाली पालेभाज्या घेतल्या, तर पिकाला सावली मिळते आणि पानांतून उडणाऱ्या बाष्पामुळे वरचे पॅनलही काहीसे निवते. आपल्या खिडकीतल्या कूलरच्या ओल्या वाळ्यातून येणारी हवा थंड होते, ती याच नियमाने : पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते.