हेडफोनला स्पीकरचा खोका का चालत नाही?

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत हेडफोनच्या वेष्टनांवर हल्ली मोठ्या अक्षरांत ‘बेस पोर्ट’, ‘थिएटर साउंड’, ‘ड्युअल ड्रायव्हर’ (म्हणजे आवाज काढणारे दोन भाग) असं छापलेलं दिसतं. आणि गणपती उठले की कॉलेजची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. वाकडी बारवेपासून निघालेल्या मिरवणुकीत छातीवर आदळतो तसा बेस, म्हणजे खालच्या सुरांचा दणका, हेडफोनमध्ये का येत नाही? साउंडवाले जे खोके रचतात, त्यांचीच छोटी आवृत्ती करून कानावर बसवली तर?

यामागे एक समज आहे, की हेडफोन म्हणजे लहान केलेला स्पीकर. हा समज मुळातच चुकीचा आहे. दोघांत चुंबक, तारेचं वेटोळं आणि हलणारा पडदा सारखाच असतो, पण दोघांना करावं लागणारं काम वेगळं आहे.

सायकलचा पंप हातात घ्या. तोंड उघडं ठेवून दट्ट्या हळू दाबला तर हवा बाजूला सरकते, दाब जवळजवळ वाढतच नाही. दाब जाणवायला हवा असेल तर दट्ट्या झटक्यात हलवावा लागतो. आता तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा. दट्ट्या हळू दाबा नाहीतर जोरात, तो जितका आत गेला तितका दाब वाढतो. उघडं तोंड म्हणजे स्पीकर, अंगठा लावलेलं तोंड म्हणजे कानावर नीट बसलेला हेडफोन.

आता हेच आकड्यांत पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. मोकळ्या हवेत दूरवर पोचणारा दाब पडद्याच्या त्वरणावर अवलंबून असतो. पडदा किती सरकला यापेक्षा त्याचा वेग किती झपाट्यानं बदलला याला महत्त्व. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, निम्मी केली की तेवढ्याच अंतराच्या हालचालीत त्वरण एक चतुर्थांश होतं. म्हणून ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झचा सूर तितक्याच जोरात काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि २० हर्ट्झला सोळापट. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरपासून एक मीटरवर ४० हर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे एक पास्कल दाब हवा असेल, तर सुमारे ८० ते ८५ घन सेंटिमीटर हवा मागेपुढे ढकलावी लागते. बारा इंची वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा त्यासाठी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास हलतो. डोळ्यांना ती थरथर दिसते.

तोच एक पास्कल हेडफोनच्या बंद वाटीत हवा आहे असं समजा. वाटीत ५० घन सेंटिमीटर हवा आहे असं धरू. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच असल्यानं इथे तो थोडा कमी, पण त्यानं हिशोब फारसा हलत नाही. हवा झटपट दाबली की तिच्यातली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही, त्यामुळे ती १.४ पट ताठ वागते. म्हणजे एक पास्कलसाठी हवेचं आकारमान एक लाख चाळीस हजारांश एवढंच कमी करायचं. ५० घन सेंटिमीटरचा तेवढा अंश म्हणजे ०.०००३६ घन सेंटिमीटर. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला त्यासाठी ०.३ मायक्रॉन हलावं लागतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. स्पीकरला ढकलाव्या लागणाऱ्या हवेच्या तुलनेत ही हवा दोन लाख पटींहून कमी आहे! शिवाय सूर ४० हर्ट्झचा असो की २०चा, हालचाल तितकीच पुरते. चौपट, सोळापट हा प्रकारच उरत नाही.

पडदा कसा बांधायचा हेही इथेच ठरतं. पडदा म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. त्याची एक स्वाभाविक वारंवारता असते. तिच्या खाली स्प्रिंगचं राज्य चालतं, तेवढ्याच बळाला पडदा तेवढाच सरकतो. तिच्या वर वजनाचं राज्य असतं आणि तेवढ्याच बळाला तेवढंच त्वरण मिळतं. मोकळ्या हवेत त्वरण हवं, म्हणून वूफरचा पडदा जड आणि कडा सैल ठेवतात, म्हणजे स्वाभाविक वारंवारता ३०-४० हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि सगळं संगीत तिच्या वर राहतं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हेच मांडलं आणि आजचा स्पीकर त्यातून घडला. बंद वाटीत मात्र सरकणं हवं, म्हणून तत्त्वतः उलटं करायचं: पडदा हलका, ताण जास्त, आणि बेस त्या वारंवारतेच्या खाली. प्रत्यक्षात ती वारंवारता ऐकण्याच्या पट्ट्यातच कुठेतरी येते, म्हणून तिथला उसळलेला आवाज दमवायला मागे कापड, फेल्ट, बारीक जाळी लावतात.

आता स्पीकरच्या खोक्यांच्या करामती बघा. वूफरच्या मागच्या बाजूचा आवाज वाया जातो, तो नळीतून उलटवून पुढच्या आवाजात मिसळायचा, ही बेस रिफ्लेक्सची कल्पना. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ साली मिळालं. कल्पना फार सुंदर आहे, आणि ती आहे हवा ढकलण्याचं ओझं हलकं करण्यासाठी. हेडफोनमध्ये ते ओझंच नाही. तरी हट्टानं ५० घन सेंटिमीटरच्या वाटीला ४० हर्ट्झची नळी लावायची म्हटलं, तर दोन सेंटिमीटर लांब नळीचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक येतं. एवढ्या बारीक भोकात हवेचा चिकटपणा तिला मोकळेपणानं झुलूच देत नाही. नळी घुमायची थांबते आणि फक्त अडथळा होऊन बसते. ती कानाच्या बाजूला उघडली तर आणखी वाईट. खालच्या सुरांत पुढची हवा मागे आणि मागची पुढे पळते, दाब साठतच नाही. चांगल्या हेडफोनच्या पाठीवर जी बारीक भोकं दिसतात, ती हा अडथळा मुद्दाम वापरण्यासाठी असतात. त्यांना ‘बेस पोर्ट’ म्हणणं ही निव्वळ जाहिरात आहे.

हॉर्नचं, म्हणजे पडद्यापुढे रुंदावत जाणाऱ्या भोंग्याचंही तसंच. साधा स्पीकर विजेतला जेमतेम एक टक्का भाग आवाजात बदलतो. हॉर्नमुळे पडद्याची मोकळ्या हवेवरची पकड सुधारते आणि हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. पण हॉर्नच्या तोंडाचा परीघ साधारण एका तरंगलांबीएवढा लागतो. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर. अनेक खोके शेजारी शेजारी रचले की मिळून एक मोठं तोंड तयार होतं, मिरवणुकीतल्या भिंतीमागचं एक कारण हेच. हॉर्न लहान करता येतो, तरंगलांबी लहान करता येत नाही. आणि कानाशी हवी कशाला ती पकड? बहुतेक हेडफोन एक मिलिवॉटमध्येच शंभर डेसिबलच्या आसपास पोचतात.

खालच्या सुरांना वूफर, मधल्यांना मिड, वरच्यांना ट्विटर अशी वाटणीही त्याच ओझ्यातून आली. अठरा इंची जड पडदा झांजेचा आवाज काढू शकत नाही. ०.३ मायक्रॉन हलायचं असेल तर एकच हलका पडदा सगळं सांभाळतो. कानाच्या आत घालायच्या काही इअरफोनमध्ये अनेक ड्रायव्हर असतात, पण त्यांची रचना आणि कारणं वेगळी.

सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेबद्दलही बोललं पाहिजे. सोनं गंजत नाही, संपर्क टिकतो, एवढाच त्याचा उपयोग. त्यानं आवाज ‘उबदार’ होत नाही. आणि हेडफोनला चिकटवायचे ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर विकणारे थेट अंधश्रद्धा विकत असतात. नवग्रहांच्या अंगठीत आणि त्यात मला काही फरक दिसत नाही.

छातीवर आदळणाऱ्या बेसचं काय? नाशिक ढोलाच्या ताफ्यासमोर उभं राहिलं की दाबाची लाट सगळ्या अंगावर येते. छाती, पोट, पायाखालची जमीन, सगळं हलतं. हेडफोन हवेचा तो दाब फक्त कानात तयार करतो. ती उणीव भरून काढायला आवाज वाढवला तर छातीला काहीच मिळत नाही, कानाला मात्र पुरेपूर मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो.

हेडफोनच्या बेसचा खरा शत्रू म्हणजे गळती. पंपावरचा अंगठा जरा ढिला धरा. दट्ट्या झटक्यात दाबला तर दाब तरीही बनतो, हळू दाबला तर हवा सावकाश निसटते. मंद हालचाल म्हणजेच खालचा सूर, म्हणून फटीतून आधी बेस जातो. हेडफोन काढून टेबलावर ठेवला की आवाज किनरा होतो तो यामुळेच. पाठ मुद्दाम उघडी ठेवलेल्या हेडफोनचं गणित थोडं वेगळं असतं, पण बंद वाटीच्या हेडफोनची परीक्षा सोपी आहे. दुकानात बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर वाटीच्या कडेची गादी तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही. चष्मा असेल तर तो लावूनच हे करा, कारण काडीखाली राहणारी फट पुरेशी असते.